मनाची जखम आणि आयुष्याचा विमा

आयुष्याचा विमा आपल्या घरांतून कांहींसा उशिरां रूढ झाला. आपल्या वडील माणसांस दूरदृष्टि नव्हती, हें त्याचें कारण नव्हे. चार भाऊ जेथें एका चुलीवर जेवत, तेथें त्यांतील एखादा अकालीं गेला तर त्याच्या मुलांच्या मुंजी, शिक्षण आणि लग्नें यांचा भार उरलेल्या तिघांनीं उचलावा असा दंडक होता. तो सर्व घरांतून सारख्याच उदारपणें पाळला जाई असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. आश्रित विधवेच्या वाट्यास काय येई, हें जाणत्या वाचकांस सांगावयास नको. तथापि दंडक होता, आणि विम्याचें तत्त्व त्याहून निराळें नाहीं. घरांत चार भाऊ जें करीत, तेंच विमासंस्थेंत परस्परांस न ओळखणारीं लाखों माणसें करितात. प्रत्येक जण दरसाल थोडें थोडें देतो, आणि ज्याच्यावर घाला पडेल त्याच्या घरीं त्या सर्वांचें मिळून पोंचतें. संस्कृतांत ‘योगक्षेम’ असा जोडशब्द आहे. जें नाहीं तें मिळविणें हा योग. मिळालेलें राखणें हें क्षेम. विमा हा या दुसऱ्या पदाचा विषय होय.

दोहोंत एक भेद मात्र आहे. घरांतील भाऊ आजारी असला म्हणून ‘तुझीं मुलें आमचीं नव्हत’ असें त्यास कोणी म्हणत नाहीं. विमासंस्थेस दारांत उभ्या असलेल्या प्रत्येकास त्याची प्रकृति विचारावी लागते. कारण ज्याचें घर पेटलें आहे त्यानेंच तेवढें विमा उतरावयास यावें, असें झालें तर ती संस्था चार दिवस चालणार नाहीं. हा प्रश्न विचारणें योग्यच आहे. पण ज्यानें सर्वांच्या वतीनें रणांगणावर जाऊन ती प्रकृति गमावली, त्यासही याच मापानें मोजावें काय? शरीरानें धडधाकट परतलेल्या, परंतु मनानें घायाळ झालेल्या सैनिकाच्या बाबतींत हा प्रश्न फार कठीण होऊन बसतो. त्याचाच विचार आज वाचकांपुढें मांडावा असा आमचा हेतु आहे.

प्रथम या दुखण्याची ओळख करून घेऊं. तें नवें नाहीं. त्याचीं नांवें तेवढीं नवीं आहेत. अमेरिकेंतील यादवी युद्धानंतर दा कोस्ता नांवाच्या फिलाडेल्फियाच्या वैद्यानें १८७१ सालीं अशा सैनिकांचें वर्णन केलें, कीं ज्यांच्या छातींत सदा धडधड होई, पण हृदयांत दोष सांपडत नसे. पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालीं, मायर्स नांवाच्या इंग्रज वैद्यानें ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय लेखांत आणला. नांव मिळालें, पण न्याय मिळाला नाहीं. त्या युद्धांत पलायन, भ्याडपणा आणि तत्सम अपराधांवरून ब्रिटिश सैन्यानें आपल्याच अनेक शिपायांस गोळ्या घातल्या. त्यांपैकीं ३०६ जणांस २००६ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें माफी मिळाली. ती पोंचेपर्यंत त्यांचीं मुलेंही बहुतेक म्हातारीं होऊन गेलीं होतीं. त्याच युद्धांत मराठा पलटणींचे शिपाई मेसोपोटेमियांत कूत येथील वेढ्यांत होते. १९१६ च्या एप्रिलांत शरणागति झाली आणि जे वांचले ते कैदेंत गेले. असा मनुष्य गांवीं परतला म्हणजे ‘लढाईहून आल्यापासून याचें चित्त ठिकाणावर नाहीं’ असें म्हणून लोक गप्प बसत. अखेर १९८० सालीं अमेरिकेंतील मानसवैद्यांच्या संघानें या दुखण्यास आपल्या अधिकृत यादींत स्थान दिलें. त्यास आज आघातोत्तर तणावविकार म्हणतात.

त्याचीं लक्षणें चार प्रकारचीं आहेत. घडून गेलेला प्रसंग स्वप्नांत व जागेपणीं पुनः पुनः समोर उभा राहतो. त्याची आठवण करून देणारीं माणसें, जागा आणि कागदपत्रें रोगी टाळूं लागतो. मनांत अपराधाची आणि परकेपणाची भावना घर करिते. आणि शरीर सदैव पहाऱ्यावर उभें असल्यासारखें राहतें. दार आपटलें तरी तो दचकतो, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाहीं. महाभारताचे वाचक येथें युधिष्ठिराचें स्मरण करतील. युद्ध जिंकूनही त्यास राज्य नकोसें झालें होतें, आणि भावांनीं, द्रौपदीनें, कृष्णानें व व्यासांनीं त्याची समजूत घालतां घालतां शांतिपर्वाचे कितीतरी अध्याय खर्ची पडले. त्यास रोगी ठरविण्याचा आमचा हेतु नाहीं. इतकेंच म्हणावयाचें कीं, रणांगणावरून परतलेल्याचें दुःख म्हणजे भित्रेपणा नव्हे, हें आपल्या कवींस फार पूर्वीं उमगलें होतें.

हें दुखणें विरळाही नाहीं. व्हिएतनामच्या युद्धांतून परतलेल्या अमेरिकन सैनिकांची जी मोठी पाहणी १९८८ सालीं पुरी झाली, तींत युद्धभूमीवर गेलेल्या दर शंभर पुरुषांपैकीं सुमारें पंधरांस त्या वेळीं हा विकार होता, असें दिसून आलें. युद्ध संपून त्या वेळीं बारा-तेरा वर्षें लोटलीं होतीं. उपचार मात्र आहेत. शिकलेल्या जाणत्या मानसतज्ज्ञाशीं ठरलेल्या पद्धतीनें बोलून व औषधें घेऊन पुष्कळांस उतार पडतो. ते नोकऱ्या करितात, मुलांचे संसार थाटून देतात.

आतां विमाकंपनीच्या कचेरींत डोकावूं. तेथील गणिती मृत्युसंख्येचे तक्ते समोर ठेवून बसलेला असतो. त्याच्यापुढें आलेल्या प्रस्तावपत्रांत ‘मानसिक विकारावर कधीं उपचार घेतले आहेत काय?’ हा प्रश्न असतोच. उत्तर ‘होय’ असें आलें कीं पुढचे प्रश्न सुटतात: औषधें कोणतीं, रुग्णालयांत राहावें लागलें काय, जीव नकोसा झाला होता काय, मद्याची संवय आहे काय, नोकरी टिकून आहे काय? उत्तरें पाहून कंपनी चारांपैकीं एक वाट धरते. नेहमींच्या हप्त्यावर विमा देते, जादा हप्ता लावते, कांहीं काळ थांबावयास सांगते, किंवा सरळ नाकारते. दुखणें सौम्य असून उपचारांनीं स्थिर झालें असेल तर पहिली वाटही खुली असते. कंपनीस आम्ही दुष्ट म्हणत नाहीं. ती इतर हजारों विमेदारांच्या पैशांची विश्वस्त आहे.

पण या व्यवस्थेंत एक मोठी गोम आहे. जो सैनिक वैद्याकडे गेला, ज्यानें आपलें दुखणें मान्य केलें, त्याच्या नांवावर कागद तयार झाला. जो गेलाच नाहीं, रात्रीं मद्य पिऊन झोंप आणीत राहिला, त्याच्या नांवावर कागद नाहीं. वस्तुतः पहिल्याच्या जीवितास धोका कमी, दुसऱ्याच्या अधिक. तरी प्रस्तावपत्रावर पहिला ‘रोगी’ आणि दुसरा ‘निरोगी’. अशा रीतीनें शहाणपणास दंड बसतो आणि हयगयीस बक्षीस मिळतें. सैनिकांच्या कानीं ही गोष्ट पडते, आणि मग बायकामुलांच्या विम्यास बाध येईल या भीतीनें माणसें वैद्याची पायरी चढत नाहींत. विम्याच्या एका प्रश्नानें अशा रीतीनें रोग बळावतो.

आमच्या हाताखालून गेलेला एक विद्यार्थी सैन्यांत सोळा वर्षें नोकरी करून घरीं आला. येऊन वर्ष झालें तरी तो रात्रीं ओट्यावर बसून राही. घरच्यांनीं त्यास लष्करी रुग्णालयांत नेलें, उपचार सुरू झाले, उतारही पडूं लागला. पुढें मुलांच्या नांवानें विमा उतरावा असें ठरलें, आणि त्याचे वडील प्रस्तावपत्र घेऊन आमच्याकडे आले. “मास्तर, एजंट म्हणतो, या रकान्यांत ‘नाहीं’ लिहा, कोण बघतो! तुम्ही एकदां वाचून पाहा.” आम्हीं त्यांस सांगितलें, “रावसाहेब, आज कोणी बघणार नाहीं हें खरें. पण बघतील तेव्हां तुमची सून एकटी असेल.” त्यांनीं रकान्यांत ‘होय’ लिहिलें आणि सोबत वैद्याचें पत्र जोडलें. कंपनीनें एक वर्ष थांबावयास सांगितलें. वर्षानंतर जादा हप्ता लावून विमा दिला. त्या जादा हप्त्याचें ओझें त्या घरास जाणवतें. पण जी पॉलिसी त्यांच्या कपाटांत आहे ती खरी आहे.

विम्याचा करार हा परम सद्भावाचा करार मानला जातो. कारण आपल्या प्रकृतीचें ज्ञान एकट्या विमेदारापाशींच असतें. आपल्या १९३८ च्या विमा कायद्याचें ४५ वें कलम २०१५ सालीं सुधारण्यांत आलें. त्याप्रमाणें पॉलिसी तीन वर्षें चालल्यावर कोणत्याही कारणास्तव तिच्यावर शंका घेतां येत नाहीं. परंतु त्या तीन वर्षांच्या आंत लपविलेली गोष्ट उघडकीस आली तर दावा फेटाळला जाऊं शकतो. अमेरिकेंत ही मुदत सामान्यतः दोन वर्षांची असते. एजंटच्या ‘कोण बघतो’ या शब्दांची किंमत ही अशी आहे.

मग राज्यानें काय करावें? याचें सर्वांत दीर्घ आणि बोधप्रद उदाहरण अमेरिकेचें आहे. १९१४ सालीं यूरोपांत युद्ध भडकतांच त्या देशानें युद्धजोखमीच्या विम्याचें एक खातें उघडलें. तें प्रथम जहाजें आणि माल यांच्याकरितां होतें. माणसांचा क्रम मागाहून लागला. अमेरिका स्वतः युद्धांत उतरल्यावर असें दिसून आलें कीं, खासगी कंपन्यांचे युद्धकाळांतील हप्ते शिपायास परवडण्याजोगे नाहींत. तेव्हां ६ ऑक्टोबर १९१७ च्या कायद्यानें प्रत्येक सैनिकास १०,००० डॉलरपर्यंत सरकारी आयुर्विमा मिळूं लागला, आणि युद्धामुळें वाढलेल्या मृत्यूंचा बोजा सरकारी खजिन्यानें पत्करला. चाळीस लाखांहून अधिक पॉलिसी या कायद्याखालीं निघाल्या. युद्ध सर्वांचें, म्हणून युद्धाची जोखीमही सर्वांची, हें तत्त्व तेथें प्रथम कायद्यांत उतरलें. दुसऱ्या महायुद्धासाठीं १९४० सालीं तशीच दुसरी योजना निघाली.

तरी युद्धांत अपंग होऊन परतलेल्यांचा प्रश्न उरलाच. त्यांच्याकरितां १९५१ सालीं स्वतंत्र विमा निघाला. सेवेमुळें आलेलें अपंगत्व, मग तें शरीराचें असो वा मनाचें, त्यांत प्रवेशास आड येत नसे. बाकीची प्रकृति मात्र ठीक असावी लागे. हेतु उत्तम होता, पण अंमल कृपणपणाचा झाला. मूळ विमारक्कम १०,००० डॉलर ठरली ती सत्तर वर्षें तेवढीच राहिली, आणि हप्ते १९४१ च्या मृत्युतक्त्यावरून आकारले जात राहिले. मधल्या काळांत माणसांचें आयुष्य वाढलें होतें. सैनिकाच्या हप्त्यांत मात्र जुन्या काळचें मरण धरलेलें होतें. शिवाय अपंगत्व सरकारनें मान्य केल्यापासून दोन वर्षांच्या आंत अर्ज करण्याचें बंधन होतें.

सेवेंत असलेल्यांसाठीं १९६५ पासून सामुदायिक विमा आहे. त्याची मर्यादा १ मार्च २०२३ पासून ५ लक्ष डॉलर झाली. सेवा सुटल्यावर तो १२० दिवस चालतो, आणि पूर्ण अपंगत्व आलेल्यास दोन वर्षांपर्यंत. त्यानंतरच्या आयुष्यासाठीं १९७४ सालीं निवृत्त सैनिकांचा सामुदायिक विमा सुरू झाला. सेवा सुटल्यापासून २४० दिवसांच्या आंत अर्ज केला तर प्रकृतीविषयीं एकही प्रश्न विचारीत नाहींत. त्यापुढें, एक वर्ष आणि १२० दिवसांपर्यंत, अर्ज करतां येतो. पण तेव्हां प्रकृति चांगली असल्याचा पुरावा द्यावा लागतो. पुढें तो दरवाजा बंद. या विम्याचा हप्ता दर पांच वर्षांनीं वयाबरोबर वाढत जातो आणि उतारवयांत तो जड होतो. पण मनाच्या दुखण्यासाठीं त्यांत वेगळा दर नाहीं.

या २४० दिवसांकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधतों. हे आठ महिने म्हणजे सैनिक गणवेष उतरवून घरीं येतो तो काळ. याच काळांत दुखणें डोकें वर काढतें, आणि कित्येकांस तर त्यानंतर. कागद टाळणें, पत्रें न फोडणें, कचेरीचें नांव निघतांच खोली सोडून जाणें, हीं या दुखण्याचीं लक्षणें आम्हीं वर सांगितलींच आहेत. म्हणजे ज्यास पत्र फोडवत नाहीं, त्यास पत्र पाठवून ‘मुदतींत उत्तर द्या’ असें सांगण्याजोगें हें झालें. पाय तुटलेल्या माणसास जिन्याच्या माथ्यावर बोलावणें जसें, तसेंच हें. शरीराच्या व मनाच्या जखमेंत भेद करण्याची संवय कायद्यासही आहे. १ डिसेंबर २००५ पासून तेथें गंभीर जखमेबद्दल सैनिकास हयातींतच २५,००० पासून १ लक्ष डॉलरपर्यंत रक्कम मिळते. हात, पाय, दृष्टि गेल्यास ती मिळते. मानसिक आजार तींतून वगळला आहे.

मुदतीच्या या अडचणीवर १ जानेवारी २०२३ पासून एक उपाय निघाला. १९५१ ची योजना नव्या अर्जदारांस बंद झाली आणि तिच्या जागीं नवा आजीवन विमा आला. ज्याचें सेवेमुळें आलेलें अपंगत्व सरकारनें मान्य केलें आहे, मग त्याचें प्रमाण शून्य टक्के कां लिहिलेलें असेना, त्या ८० वर्षांपर्यंतच्या कोणत्याही निवृत्त सैनिकास ४०,००० डॉलरपर्यंत विमा मिळतो. वैद्यकीय प्रश्न नाहीं, नकार नाहीं, दोन वर्षांची मुदतही नाहीं, आणि हप्ता एकदां ठरला कीं जन्मभर तोच. अट एवढीच कीं, पहिल्या दोन वर्षांत मृत्यु आल्यास पूर्ण रक्कम न मिळतां भरलेले हप्ते व्याजासह वारसास परत मिळतात. ज्याच्या घरांत आग लागली आहे त्यानेंच तेवढें यावें, या कंपनीच्या जुन्या भयास दिलेलें हें उत्तर मोठें मार्मिक आहे. माणसास नाकारण्याऐवजीं काळास थांबविलें. उणीव दाखवावयाची तर रक्कम लहान आहे, आणि पूर्ण अपंगास जुन्या योजनेंत मिळणारी हप्त्याची माफी नव्या योजनेंत नाहीं.

आपल्याकडे काय स्थिति आहे? सेवेंतील जवानांसाठीं १ जानेवारी १९७६ पासून सैन्याची सामुदायिक विमायोजना आहे, आणि निवृत्तीनंतरही पुढें चालणारी तिची जोडयोजना आहे. घरांतील माजी सैनिकास तिचा लाभ कोणत्या वर्षापर्यंत आहे व वारस म्हणून कोणाचें नांव लागलें आहे, हें फारच थोड्या घरांतून ठाऊक असतें. निवृत्तिवेतनाच्या बाबतींत सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं एक मोलाचें तत्त्व स्पष्ट केलें: भरतीच्या वेळीं रोगाची नोंद नसेल, तर पुढें जडलेला रोग सेवेमुळें आला असें गृहीत धरावें, तसें नाहीं हें सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नाहीं. मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा मे २०१८ पासून अमलांत आला. त्याच्या २१ व्या कलमानें मनाच्या रोगावरील उपचारांचा विमा शरीराच्या रोगाप्रमाणेंच देणें विमाकंपन्यांस बंधनकारक केलें. पण हें कलम उपचारांच्या खर्चाविषयीं बोलतें. आयुष्याच्या विम्याविषयीं तें मुकें आहे. रुग्णालयाच्या दारांत जी समता आली, ती आयुर्विम्याच्या दारांत अद्याप यावयाची आहे.

ती आणावयाची तर मागणें फार मोठें नाहीं. कंपनीनें दुखण्याच्या नांवावरून निर्णय न करितां मनुष्याच्या आजच्या स्थितीवरून करावा. नियमित उपचार घेणें ही गोष्ट त्याच्या बाजूनें धरावी. आणि जेथें जोखीम खरोखरच अधिक असेल तेथें तो अधिक भाग सैनिकाच्या बायकोच्या डब्यांतून न घेतां सरकारी खजिन्यांतून भरावा. १९१७ सालीं जें एका देशास सुचलें, तें आज कोणत्याही देशास अशक्य नाहीं.

कायदा बदलेपर्यंत घरानें करावयाचें कांहीं आहे. ज्या घरांत सैन्यांतून परतलेला मुलगा, जांवई किंवा भाचा असेल, तेथें कागदपत्रांची जबाबदारी एका वडील माणसानें आपल्याकडे घ्यावी, आणि ते कोठें ठेविले आहेत हें घरांतील स्त्रियांसही सांगावें. सेवा सुटल्याची तारीख, विम्याच्या मुदती आणि वारसाचें नांव एका वहींत लिहून ठेवावें. शंका असल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत जाऊन विचारावें. जो मुलगा परदेशांतील सैन्यांत आहे, त्याच्या आईबापांनीं तर ते २४० दिवस पंचांगांतील तिथींप्रमाणें मोजावे. प्रस्तावपत्रांत खरें तेंच लिहावें, आणि वैद्याचें पत्र जोडावें. एका कंपनीनें नाकारलें तर दुसरीकडे जावें. सर्वांचे नियम एक नसतात. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे विम्याच्या भीतीनें उपचार लांबणीवर टाकूं नयेत. विम्याची रक्कम मनुष्य गेल्यावर मिळते. उपचारांनीं मनुष्यच घरांत राहतो.

एकत्र कुटुंबें आतां लहान होत चाललीं आहेत, आणि चार भावांचें काम पॉलिसीच्या एका कागदानें करावें अशी आपली अपेक्षा असते. ती गैर नाहीं. पण मुदतीचें पत्र फोडून वाचणारा, आणि भावास हाताला धरून वैद्याकडे नेणारा माणूस त्या कागदांतून निघत नाहीं. तेवढें काम अजून घराकडेच आहे.